तयार बेसपासून उटण्याचा साबण: सांगलीतल्या प्रकल्प नोंदी

३० ऑगस्ट २०२५, शनिवार. सामान

नरक चतुर्दशी यंदा २० ऑक्टोबरला आहे. तोवर उटण्याच्या वासाच्या, हळदीचा अंश असलेल्या, शंभर ग्रॅमच्या बारा वड्या बांधून तयार हव्यात. वडी करायला तासभर पुरतो. सात आठवडे हाताशी ठेवले ते वास टिकतो का, रंग बदलतो का आणि इथल्या दमट हवेत वडीला घाम फुटतो का, हे बघायला. हे तिन्ही दोष पहिल्या दिवशी दिसत नाहीत. म्हणून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदाच करून बघायची ही वस्तू नव्हे.

दोन बेस आणले: पांढरा दोन किलो आणि पारदर्शक दोन किलो. बेस म्हणजे तयार साबणच असतो. तेल आणि कास्टिक सोडा यांची क्रिया कारखान्यात पुरी झालेली असते आणि त्यात ग्लिसरीन, सॉर्बिटॉल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल व पाणी मिसळलेलं असतं. या भरीमुळेच तो वितळतो आणि पुन्हा घट्ट होतो. नेहमीची अंगाची वडी अशी वितळवायला गेलं तर तिचा नुसता चिकट गोळा होतो. पांढऱ्या बेसमध्ये टायटॅनियम डायॉक्साइड असतं, बाकी दोन्ही जवळपास सारखेच. विकत घेताना घटकांची यादी वाचावी. यादीत ग्लिसरीन जितकं वर, तितकी वडी ओल ओढणारी. काही विक्रेत्यांकडे कमी घाम येणारा, ‘लो स्वेट’ नावाचा बेस मिळतो. पावसाळ्यात आणि नदीकाठच्या गावात तोच घ्यावा. आम्ही मुद्दाम साधा घेतला, कारण बहुतेकांच्या हाती तोच पडतो.

बाकीचं सामान: ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर, दोन स्टीलची पातेली (एकात एक बसणारी), सिलिकॉनचे सहा खणांचे दोन साचे, सिलिकॉनचं उलथणं, फवाऱ्याच्या बाटलीत स्पिरिट, क्लिंग फिल्म. ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नये. साबण अल्कलीधर्मी असतो आणि ॲल्युमिनियमला खातो. पातेली आणि उलथणं साबणासाठी वेगळीच ठेवावीत. वाळ्याच्या तेलाचा वास सिलिकॉनमध्ये मुरतो आणि नंतर शिऱ्यात येतो.

३१ ऑगस्ट, रविवार. साचा मोजणे, पहिली साधी वडी

साच्यावर ‘१०० ग्रॅम’ छापलेलं असलं तरी त्यावर विसंबू नये. प्रत्येक खण काठोकाठ पाण्याने भरून, ते पाणी काट्यावर ओतून मोजलं. आमच्या खणात ९५ ग्रॅम पाणी बसलं. बेस पाण्यापेक्षा किंचित जड असतो, त्यामुळे वडी साधारण शंभर ग्रॅमची उतरते. पातेल्याला चिकटून आणि वाफेने जाणारा माल धरून पाच टक्के जास्त घ्यायचा, म्हणजे सहा वड्यांना ६३० ग्रॅम.

साचा मोजून झाला की नुसता टिपून पुसायचा नाही, तर पंख्याखाली पूर्ण वाळवायचा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी वडीच्या दर्शनी बाजूवर खड्डा पडतो.

वितळवण्याची कृती. बेसच्या साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. मोठा ठोकळा तसाच ठेवला तर बाहेरचा भाग तापत राहतो आणि आतला गाभा तसाच राहतो. खालच्या पातेल्यात दोन बोटं पाणी, मंद आच, वर बेसचं पातेलं आणि त्यावर झाकण. झाकण महत्त्वाचं. बेसमधलं पाणी वाफेने गेलं की तो जाड, दोरा सुटणारा होतो आणि वडी कोरडी, तडकणारी निघते. अर्धा किलोला बारा-पंधरा मिनिटं लागतात. मधे दोन-तीनदाच, उलथण्याने तळ खरवडत सावकाश हलवायचं. चमच्याने घोटलं की हवा शिरते आणि पारदर्शक वडीत ते बुडबुडे कायमचे अडकतात.

६५ अंश सेल्सिअस दिसले की खाली उतरवायचं. बहुतेक बेस ५५ ते ६५ अंशांत पूर्ण पातळ होतात. ७५ च्या वर गेला की पिवळसर पडतो आणि उकळी फुटली तर पारदर्शक बेस ढगाळ होतो, तो परत स्वच्छ होत नाही. मायक्रोवेव्ह वापरायचा तर आधी तीस सेकंद, मग दहा-दहा सेकंद. शेवटच्या दोन फोडी शिल्लक असताना थांबायचं, त्या उष्णतेवरच विरघळतात.

ओतलं ५८ अंशांना. ओतल्याबरोबर वर स्पिरिटचे दोन फवारे मारले, पृष्ठभागावरचे बुडबुडे जागीच फुटले. फवारा मारण्याआधी गॅस बंद केलेला असलाच पाहिजे, नुसता मंद नव्हे. स्पिरिटच्या फवाऱ्याला आच लागली तर हातावर जाळ येतो. घरात मुलं मदतीला असतील तर स्पिरिट मोठ्यांच्याच हातात राहू द्यावं.

साचा टेबलावर चार तास. फ्रीजरमध्ये घालू नये. बाहेर काढल्यावर थंड वडीवर हवेतलं पाणी जमतं आणि घामाची सुरुवात तिथूनच होते. वडी निघत नसेल तर आधी साच्याच्या कडा चारी बाजूंनी ओढून हवा आत घ्यायची, मग अंगठ्याने मागून दाबायचं.

सहा वड्या, ९८ ते १०१ ग्रॅम.

७ सप्टेंबर, रविवार. वास

उटण्याचा वास नुसती पावडर घालून साबणाला लागत नाही. वाळा, नागरमोथा, कपूरकचरी, गवला, चंदन, संत्र्याची साल, गुलाबपाकळी या सगळ्यांचा वास त्यांच्यातल्या उडनशील तेलांत असतो आणि एक टक्का पावडरीत ते तेल इतकं थोडं असतं की साबणाच्या स्वतःच्या वासाखाली दबून जातं. म्हणून वास तेलांतून आणि रूप पावडरीतून, अशी वाटणी केली.

तेल थेंबांनी मोजू नये. संत्र्याचं तेल पाण्यासारखं पातळ, वाळ्याचं काकवीसारखं. दोघांचा थेंब सारखा नाही. काट्यावर ग्रॅममध्येच मोजावं. एकूण प्रमाण बेसच्या वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. तीन टक्क्यांच्या वर बेस ते धरून ठेवत नाही. वडीवर तेलाचे थेंब येतात, पारदर्शक बेस धुरकट होतो, फेस मरतो आणि त्वचेची आग होऊ शकते. फ्रॅग्रन्स ऑइल घेत असाल तर ते त्वचेसाठी आहे का आणि धुऊन जाणाऱ्या वस्तूत किती टक्के चालतं, हे विक्रेत्याकडून लेखी मागावं. अगरबत्तीचं सुगंधी मिश्रण साबणात घालूच नये. स्वस्त अत्तरं बहुधा कुठल्या तरी तेलात पातळ केलेली असतात. ती घातली की वास कमी येतो आणि वडी तेवढी तेलकट होते.

आज १०० ग्रॅमच्या तीन वड्या, पांढऱ्या बेसमध्ये, प्रत्येकी १.५ ग्रॅम तेल.

क: नुसतं वाळ्याचं.
ख: वाळा ०.५, रोशा गवताचं ०.५, संत्रा ०.४, नागरमोथा ०.१.
ग: विकतचं ‘केशर-चंदन’ फ्रॅग्रन्स ऑइल.

तेल ६० अंशांना घातलं. ६५ च्या वर घातलं की संत्र्यासारखी हलकी तेलं डोळ्यांदेखत उडून जातात. खोलीत छान वास येतो आणि वडीत काही राहत नाही. ५० च्या खाली घातलं तर बेस घट्ट व्हायला लागलेला असतो, तेल सारखं पसरत नाही. वाळ्याच्या तेलाची बाटली आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी केली, नाहीतर ते ड्रॉपरमधून उतरतच नाही.

नागरमोथ्याला हात फार राखून ठेवावा. ०.१ ग्रॅमच पुरे होतं, ०.३ ला वडी ओल्या मातीसारखी आणि धुरकट लागते. गवती चहाचं तेल अनेकांना आवडतं, पण त्वचेला बोचू शकतं. ते एक टक्क्याच्या आतच असावं. दालचिनीचं तेल अंगाच्या साबणात नकोच. लवंगेचं अर्ध्या टक्क्याच्या पुढे नको.

तिन्ही वड्या क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून, तारीख घालून कपाटात. चार आठवड्यांनी उघडायच्या.

१४ सप्टेंबर, रविवार. हळद

हा आजचा दिवस पूर्ण हळदीलाच दिला, कारण सांगलीत साबण करायचा आणि त्यात हळद नाही, हे कुणाला पटणार नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मार्केट यार्डात हळकुंडांच्या पोत्यांपाशी नुसतं उभं राहिलं तरी कपड्यांना वास लागतो. पण बेसला हळदीचा मान ठाऊक नसतो. त्याच्यापाशी फक्त अल्कली आहे.

हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, आंबट किंवा तटस्थ माध्यमात पिवळं असतं. पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) आठच्या पुढे गेला की ते केशरी आणि मग लालसर-तपकिरी होत जातं. साबणाचा पीएच नऊ ते दहाच्या दरम्यान असतो. हळदीच्या कार्यक्रमातल्या साडीवर साबण लावला की पिवळा डाग क्षणात लाल होतो आणि मुक्या मारावरचा हळद-चुन्याचा लेप लाल दिसतो, त्याचं कारणही हेच. म्हणजे पिवळीधमक हळदीची वडी हळदीच्या रंगाने होत नाही. बाजारात तशी दिसली तर तिचा पिवळेपणा दुसऱ्या रंगाचा आहे असं समजावं.

हळद अनपॉलिश हळकुंडांची, घरी दळून, वस्त्रगाळ केलेली. पॉलिश हळकुंडांवर कधीकधी वरून रंग दिलेला असतो, मग निकाल कशाचा ते कळत नाही. चाचणीच्या चार वड्या, १०० ग्रॅम पांढरा बेस प्रत्येकी. हळद आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घेतली. कोरडी पावडर गरम बेसमध्ये टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या फुटत नाहीत.

०.१ ग्रॅम हळद: आधी फिकट पिवळी, घट्ट झाल्यावर पिकल्या पपईच्या सालीसारखी. सुंदर रंग.
०.५ ग्रॅम: गडद केशरी.
१ ग्रॅम: विटकरीकडे झुकलेली. ओल्या पांढऱ्या पंचावर घासली तर डाग पडला, धुतल्यावरही पिवळी छटा राहिली.
०.५ ग्रॅम आंबेहळद: जवळजवळ साईच्या रंगाची, किंचित करडी. आंबेहळदीत कर्क्युमिन फार थोडं, म्हणून लालीही थोडी.

०.१ ग्रॅमच्या वडीचे दोन भाग केले, एक खिडकीत उन्हाला, एक कपाटात. कर्क्युमिन उजेडाला टिकत नाही. किती लवकर जातं ते बघू.

दुपारी लिंबाची चाचणी. ‘लिंबू पिळा, हळद पिवळी राहील’ असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि रसायनाच्या अर्ध्या बाजूने तो बरोबरही आहे. हळद घातलेल्या १०० ग्रॅम वितळलेल्या बेसमध्ये एक चमचा रस घातला. जिथे रस पडला तिथे पांढरे कण धरले, दूध नासायला लागल्यासारखे. एकूण रंग होता तसाच केशरी. आणखी दोन चमचे घातले तेव्हा रंग किंचित उतरला, पण बेस गढूळ आणि ढिला झाला.

१५ सप्टेंबर, सोमवार

लिंबाची वडी बोटाने दाबली तर खळगा पडतो. वास तेलकट. फेस निम्मा.

साबण म्हणजे स्निग्ध आम्लाचं क्षार. त्यात दुसरं आम्ल घातलं की ते आधी साबणच मोडतं आणि स्निग्ध आम्ल मोकळं करतं. ते पांढरे कण तेच. हळद पिवळी राहील इतका पीएच खाली आणायचा तर वाटेत साबण संपतो. लिंबू, दही, व्हिनेगर, चिंच, यातलं काहीही तयार बेसमध्ये घालू नये. दही, ताजं दूध, कोरफडीचा ताजा गर किंवा ताज्या फुलांचा रस यांचं दुसरंही दुखणं आहे. त्यांतलं पाणी आणि अन्नांश सडतो, दहा-पंधरा दिवसांत वास मारतो किंवा बुरशी धरते. दूध हवंच असेल तर दुधाची पावडर, अर्धा किलोला एक सपाट चहाचा चमचा. बेसनाचंही तेच. उटण्यात कोरडं असतं तोवर ठीक, ओल्या वडीत ते खाद्य ठरतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार. घाम

ढगाळ हवा, सकाळी आर्द्रतामापकावर ८४ टक्के. ३१ ऑगस्टच्या साध्या वड्यांपैकी तीन घेऊन सोमवारपासून चाचणी लावली होती: एक उघडी ताटलीत, एक बटर पेपरमध्ये, एक क्लिंग फिल्ममध्ये घट्ट.

उघडी वडी दुसऱ्या दिवशी सकाळी ओली होती. वर मोत्यासारखे थेंब, ताटलीत ओलसर कडं. वजन तीन दिवसांत दीड ग्रॅमने वाढलं. म्हणजे वडीतून काही बाहेर येत नाही, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. बटर पेपरचा कागद वडीला चिकटला आणि काढताना फाटला. फिल्ममधली जशीच्या तशी.

घाम आलेली वडी वाया जात नाही. कापडाने टिपून, पंख्याखाली तासभर ठेवून, लगेच फिल्ममध्ये बांधली तर चांगली राहते. पण पुसताना पृष्ठभागाची चकाकी जाते, ती परत येत नाही.

यावरून नियम: साच्यातून काढल्यापासून अर्ध्या तासात बांधायचं. फिल्म मागच्या बाजूला ताणून, चुण्या एकत्र आणून, कात्रीने कापायची. मग हेअर ड्रायरची गरम हवा हातभर अंतरावरून पाच सेकंद. फिल्म आक्रसून काचेसारखी बसते. जवळ धरलं तर वडी वितळून फिल्मला चिकटते.

२१ सप्टेंबर, रविवार. उटण्याची पावडर

गणपती पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून सुटे जिन्नस आणले: आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकचरी, संत्र्याची वाळलेली साल, मुलतानी माती. तयार उटण्याचं पाकीटही चालतं, पण त्यात बऱ्याचदा सुगंध आधीच मिसळलेला असतो आणि तो साबणात कसा वागेल ते कळत नाही.

वाळ्याच्या आणि नागरमोथ्याच्या धाग्यांनी आज त्रास दिला. मिक्सरमधून काढलेली पावडर साध्या चाळणीने चाळून वापरली तर वडी अंगाला ओरखडे काढते. धाग्यांचे तुकडे काटेरी असतात. मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ केल्यावरच ती अंगाला लावण्याजोगी झाली. शंभर ग्रॅम पावडरीतून साठेक ग्रॅम खाली आली. वर उरलेला चोथा पोटलीत बांधून न्हाणीघरातल्या गरम पाण्यात टाकायला उत्तम.

प्रमाणाच्या तीन वड्या: ०.५, १ आणि ३ टक्के. ०.५ टक्के दिसतं पण जाणवत नाही. १ टक्का हाताला छान, बारीक रवाळ. ३ टक्के घातलेली वडी कोपऱ्यातून ठिसूळ, फेस चिखलाच्या रंगाचा, आणि मोरीत तळाशी गाळ बसला.

पावडर रात्रभर दुप्पट ग्लिसरीनमध्ये भिजवलेली होती. तरी पहिल्या वडीत ती सगळी तळाला बसली, कारण ओतलं ६० अंशांना. पातळ बेस कण धरून ठेवत नाही. दुसऱ्या दोन वेळी सतत, सावकाश हलवत ५१ अंशांपर्यंत उतरू दिलं. तेव्हा बेस साईच्या दाटपणाचा होतो. मग ओतलं आणि कण जिथल्या तिथे राहिले. ही वेळ दोन-तीन मिनिटांचीच असते. ४८ च्या खाली गेला की उलथण्याला थर धरतो आणि ओतताना वडीला घड्या पडतात. तसं झालं तर दामटून ओतू नये, परत ६० पर्यंत तापवून पुन्हा उतरवावं.

गुलाबपाकळ्या वर सजावटीला घालून बघितल्या. दोन दिवसांत तपकिरी पडल्या. ओल्या अल्कलीत पाकळीचा लाल रंग टिकत नाही. सोडून दिलं.

तेल जास्तीचं घालायचं का? सर्वसाधारण वडीत अर्धा किलोला एक चमचा खोबरेल किंवा बदाम तेल चालतं, त्याहून जास्त झालं तर फेस बसतो. पण ही वडी अभ्यंगाची आहे. अंगाला आधीच तेल चोळलेलं असणार. साबणाची निम्मी ताकद ते तेल उतरवण्यातच जाते. त्यात वडीतलं तेल कशाला? शून्य ठेवलं.

२८ सप्टेंबर, रविवार. दोन थर

दर्शनी बाजूला पारदर्शक थर, मागे उटण्याचा. साच्यात आधी ओतलेलं उघडल्यावर वर येतं, म्हणून पारदर्शक आधी: ३० ग्रॅम, ५८ अंशांना. नंतर उटण्याचा ७० ग्रॅम.

पहिल्यांदा अर्धा तास थांबून दुसरा थर ओतला. साच्यातून काढताना दोन्ही थर वेगळे झाले, चक्क दोन बिस्किटं हातात. दुसऱ्यांदा पाच मिनिटांनी, दुसरा थर ५८ अंशांना ओतला. पहिला फाटला आणि उटणं आत शिरलं. तिसऱ्यांदा जमलं: पहिल्या थरावर साय धरली आहे, बोट हळूच टेकवलं तर डाग पडत नाही पण ऊब लागते, अशा वेळी (आमच्याकडे बारा मिनिटांनी) स्पिरिटचा फवारा, आणि लगेच दुसरा थर ५१ अंशांना, उलथण्यावरून घसरवत. सरळ धार सोडली की जिथे पडते तिथे भोक पडतं. हातून वेळ निघून गेली आणि पहिला थर गार पडला तर काट्याच्या चमच्याने हलके ओरखडे काढून, स्पिरिट मारून ओतावं. धरतं, पण पारदर्शक थरात ते ओरखडे दिसतात.

स्पिरिट इथे थरांमधला पातळ पडदा मोडण्याचं काम करतं. पाण्याचा फवारा मारून चालत नाही, त्याने उलट थर सुटतात.

फाटलेले आणि सुटलेले तुकडे एकत्र वितळवले. दुसऱ्यांदा वितळवताना बेस जाड वाटला म्हणून १८० ग्रॅमला अर्धा चमचा शुद्ध पाणी घातलं. त्याहून जास्त नको, वडी मऊ पडते. तिसऱ्यांदा वितळवण्यात अर्थ नाही, वास उडालेला असतो.

५ ऑक्टोबर, रविवार. चार आठवड्यांचा निकाल

क (नुसता वाळा): वास भक्कम, थोडा जड. रंग पिवळसर. वाळ्याचं तेलच तपकिरी असतं.
ख (मिश्रण): संत्रा बराच उतरला, पण रोशा आणि वाळा जुळून आले आहेत. उटण्याच्या सगळ्यात जवळ हेच.
ग (केशर-चंदन): पांढरी वडी चहाच्या रंगाची झाली. हे व्हॅनिलिनचं (व्हॅनिलाचा वास देणाऱ्या द्रव्याचं) काम. मलई, चंदन, केशर, पेढा अशा गोडसर वासांत ते बऱ्याचदा असतं आणि हवा-उजेड लागला की तपकिरी होतं. वास चांगला आहे, वडी वापरायला काही हरकत नाही. पण पांढरी वडी हवी असेल तर विक्रेत्याला व्हॅनिलिन किती ते आधी विचारावं.

खिडकीतली हळदीची अर्धी वडी फिकट मळकट झाली, कपाटातली अजून पपईच्या रंगाची. म्हणून बांधलेल्या वड्या बंद डब्यात.

बोअरच्या आणि नळाच्या पाण्यात फेस बघितला. बोअरच्या जड पाण्यात फेस निम्म्याने कमी आणि बादलीला पांढरी कड. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जुळून त्याचा साका होतो, ती ही कड. यात वडीचा दोष नाही. बोअरचंच पाणी असलेल्या घरांसाठी करायची असेल तर घटकांत एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट, फेस आणणारं द्रव्य) असलेला बेस घ्यावा, तो जड पाण्यातही फेसाळतो.

मिश्रण ‘ख’ची वडी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन, दोन दिवस बघितली. लाली नाही, खाज नाही. ही चाचणी प्रत्येक नव्या तेलासाठी करायचीच, आणि ज्याच्या हाती वडी जाणार त्यालाही करायला सांगायची. तान्ह्या बाळांसाठी ही वडी नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार. अंतिम घाणा

बारा वड्या, दोन थर.

दर्शनी थर: पारदर्शक बेस ३८० ग्रॅम, रोशा तेल ३ ग्रॅम. रंग काही नाही.

मागचा थर: पांढरा बेस ८८० ग्रॅम. वस्त्रगाळ पावडर ९ ग्रॅम, १८ ग्रॅम ग्लिसरीनमध्ये रात्रभर भिजवलेली. त्यात हळद फक्त ०.९ ग्रॅम, बाकी आंबेहळद ३, मुलतानी माती २, आणि वाळा, नागरमोथा, कपूरकचरी, संत्रासाल मिळून उरलेलं. तेलं: रोशा ५, वाळा ४, संत्रा ३, नागरमोथा १, एकूण १३ ग्रॅम.

सहा-सहाच्या दोन खेपा केल्या. बारा खणांत एकदम पारदर्शक थर ओतला तर शेवटच्या खणाला साय धरेपर्यंत पहिला गार पडतो. साचे ट्रेवर ठेवून मगच ओतायला घ्यावं. भरलेला सिलिकॉनचा साचा नुसत्या हातांनी उचलला की मधे वाकतो आणि थर तिरपा बसतो.

तेलं घातली ६० ला, पावडर ५६ ला, ओतलं ५१ ला. दुसऱ्या खेपेत पंखा चालू राहिला होता, पारदर्शक थराला सात मिनिटांतच साय धरली. त्यामुळे मिनिटं मोजण्यापेक्षा बोटाने बघणं खरं.

सकाळी साडेदहाला ओतलं, दुपारी तीनला काढलं. बारापैकी अकरा चांगल्या. एकीच्या थरात बोटाएवढा बुडबुडा, तिथे फवारा पोचला नव्हता.

रंग पिकल्या पपईच्या सालीचा, त्यात बारीक तपकिरी ठिपके. वजनं ९७ ते १०२ ग्रॅम. साडेतीनपर्यंत सगळ्या फिल्ममध्ये.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. चिठ्ठी आणि बांधणी

फिल्मवरून खादी कागदाची पट्टी. तिच्यावर घटक पूर्ण लिहिले: ग्लिसरीन साबण बेस, उटण्याची पावडर कशाकशाची ते, चारही तेलांची नावं, केल्याची तारीख. कुणाला एखाद्या जिनसाचं वावडं असेल तर त्याला वाचून कळायला हवं, म्हणून ‘नैसर्गिक सुगंध’ एवढंच लिहिण्याला आमचा विरोध आहे. त्वचारोगावर गुणकारी, रंग उजळतो, असलं काहीही लिहिलं नाही. वापरण्याची मुदत सहा महिने लिहिली. साबण त्यानंतरही साबण राहील, वास राहणार नाही.

या वड्या घरात आणि नातलगांत द्यायच्या आहेत. विकायच्या असतील तर गोष्ट वेगळी. अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि सौंदर्यप्रसाधनं नियम, २०२० प्रमाणे विक्रीसाठी उत्पादन करायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तयार बेस वितळवून केला तरी. बचत गटांनी ऑर्डरी घेण्याआधी हे बघून घ्यावं.

सोबतच्या चिठ्ठीत दोन ओळी: वडी जाळीच्या साबणदाणीत ठेवा, पाण्यात बसली तर आठ दिवसांत विरघळेल. हळद अगदी थोडी आहे, तरी पहिल्या दिवशी पांढरा पंचा वापरू नका.

थोडा पारदर्शक आणि थोडा पांढरा बेस उरला. दोन्ही फिल्ममध्ये दोनदा गुंडाळून, हवाबंद डब्यात, तांदळाच्या डब्यापासून लांब ठेवले. बुडबुड्याची वडी मोरीवर वापरायला काढली.